मंगळवारची नोंद

दोन्ही घोट्यांना एकेक, कमरेला एक,
काडीपेटीएवढ्या डब्या, आत हिरवा ठिपका.
पट्टा आवळताना विद्याश्री विचारते,
"टोचत न्हाई न्हवं, आज्जी?"
तिचं मराठी बैलहोंगलचं.
माझं कन्नड निपाणीच्या बसस्टँडपुरतं.

बेळगावच्या दवाखान्यातला लांब व्हरांडा,
दोन टोकांना दोन केशरी टोप्या उपड्या.
सहा मिनिटं चालायचं. नुसतं चालायचं,
कुठं पोचायचं नाही.
असलं काम आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

उजवा पाय माझा. डावा
झटका आल्यापासनं पाहुण्यासारखा वागतो:
बाहेरून विळ्यासारखा फिरतो, मग टेकतो,
तेही मेहेरबानी केल्यागत.

तिसऱ्या फेरीला ती म्हणाली, "सुस्त आतेन्री?"
मला राग आला.
सुस्त? मी?
दिवसाला हजार विड्या वळून
वर तीस-चाळीस जास्तीच्या, छाटीत जायच्या म्हणून,
आणि मला सुस्त म्हणतेस?
तिनं जीभ चावली. तिच्याकडं सुस्त म्हणजे
दमलेलं. आळशी नव्हे.
एकच शब्द. माझ्या कानाला शिवी,
तिच्या तोंडी विचारपूस.

"शून्य ते दहा, किती दमलात?"
मी म्हटलं दोन.
दोनाच्या वर सांगायची सवयच नाही.
कारखान्यात दमले म्हटलं
की दुसऱ्या दिवशी पानं कमी मिळायची.

पडद्यावर तिनं रेघ दाखवली.
चौथ्या मिनिटापर्यंत बरी,
पुढं पाऊल आखूड होत गेलेलं,
आणि डावा अंगठा फरशीला घासलेला
सतरा वेळा.
कारकून असाच कट्टा सोडायचा,
एकेक विडी बोटानं दाबून
न बोलता बाजूला फेकायचा.
हिनं फेकली नाहीत. सतराच्या सतरा
माझ्या नावावर लिहून ठेवली.
चौगुले आक्काताई दादू, वय एकसष्ट.

मग डब्या घरी दिल्या, आठवडाभरासाठी.
सोमवारी मी बांधल्या.
मंगळवारी पहाटे सारिकानं मला उठवलं,
काखेत धरून न्हाणीत नेलं, पाटावर बसवलं,
आणि ती पाणी आणायला वळली तशी
मी म्हटलं, ये इकडं, पाय दे.
"आत्याबाई, हे काय?"
राहू दे दिवसभर. आंघोळीला तेवढं काढ.

पुढच्या खेपेला विद्याश्री पडद्याला नाक लावून:
"आज्जी! मंगळवारी नऊ हजार पावलं?
जिना अकरा वेळा? डावा पाय एकदम सरळ!"
तिच्या डोळ्यांत नवस फेडल्यासारखं काहीतरी आलं.
सांगताना मलाच वाईट वाटलं.

सून माझी ती, म्हटलं.
आता काढलंयच तर बघ की,
ती कितव्या मिनिटाला दमते.

तिनं बघितलं. खाली सरकवत सरकवत बघितलं.
रात्री साडेनऊला सारिकाचंही पाऊल आखूड,
पण दोन्ही पायांचं सारखंच,
म्हणून चालताना कुणाला दिसत नाही.
आणि अकरा ते पाच रेघ आडवी,
झोपलेल्या गल्लीसारखी.
तिच्यावर निळ्या अक्षरांत मशीननं लिहिलेलं:
विश्रांती.

मांडीवर सूप. कात्री, पानं, दोरा.
मान खाली, सहा तास.
विश्रांती.

मी हसले. डावा गाल अजून हसत नाही,
उजव्यानंच हसले.

"ही नोंद काढून टाकावी लागंल, आज्जी.
अभ्यास झटका आलेल्यांचा हाय."
काढ म्हटलं. त्याआधी तो निळा शब्द तेवढा खोड.
"तो खोडता येत न्हाई, तो आपोआप येतो."

मग काही बोलली नाही.
पट्टा उलटा करून बसली,
त्याच्या काटेरी बाजूत अडकलेला
तंबाखूचा भुगा
नखानं काढत.